जीटीओला कुठला एक्झॉस्ट बसवू?

पत्र: नमस्कार. मी मिशिगनमध्ये ट्रॉयला राहतो. गेल्या हिवाळ्यात शेजारच्या निवृत्त गृहस्थांकडून १९६८ची पाँटिॲक जीटीओ घेतली. दोन दारांची हार्डटॉप, ४०० क्युबिक इंचांचं इंजिन, क्वाड्राजेट कार्ब्युरेटर, तीन गिअरची टर्बो ४०० ऑटोमॅटिक, मागचा ॲक्सल ३.५५. इंजिन ठणठणीत आहे, पण एक्झॉस्ट पार सडलाय. एका मफलरला बोट जाईल एवढं भोक आहे आणि टेलपाइप तारेनं बांधलेत. माझा एकोणीस वर्षांचा मुलगा म्हणतो, लाँग-ट्यूब हेडर आणि ग्लासपॅक लावू, वुडवर्ड ॲव्हेन्यूवर सगळ्यांनी वळून बघितलं पाहिजे. गॅरेजवाला म्हणतो, तीन इंची पाइप टाका, इंजिन मोकळा श्वास घेईल. बायको म्हणते, फ्रँकनमथपर्यंत जाताना आपापसात बोलता आलं पाहिजे, नाहीतर मी येत नाही. मला गाडी शक्य तेवढी मूळ रूपात ठेवायची आहे, पण मुलाचा हिरमोडही नकोय. काय करू?
— सुहास, ट्रॉय

उत्तर: सुहासराव, तुम्ही तिघांचं म्हणणं लिहिलंत, पण त्यात वहिनींचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात पक्कं आहे. तिथूनच सुरुवात करू.

मसल कारचा एक्झॉस्ट निवडताना जवळजवळ प्रत्येक जण तो बाहेर उभं राहून ऐकतो. गाडी पार्किंगमध्ये उभी असते, कोणीतरी ॲक्सिलरेटर दोनदा दाबतो, आपल्या अंगावर काटा येतो आणि आपण क्रेडिट कार्ड काढतो. प्रत्यक्षात तुमचा नव्वद टक्के वेळ आत बसून, एकाच वेगानं, एकाच आरपीएमवर जाणार असतो. तो आरपीएम आधी काढा. ताशी मैल गुणिले ॲक्सलचं गुणोत्तर गुणिले ३३६, भागिले टायरचा इंचातला व्यास. तुमच्या गाडीला चौदा इंची रिमवर ७० मालिकेतले (रुंदीच्या सत्तर टक्के उंचीचे) टायर असतील तर व्यास साधारण साडेसव्वीस इंच धरा. म्हणजे आय-७५वर ताशी ६५ मैलांनी जाताना इंजिन २,९०० आरपीएमच्या थोडं पुढेच फिरत असणार. तुमच्या टर्बो ४००ला ओव्हरड्राइव्ह नाही, त्यामुळे यातून सुटका नाही. त्या वेगाला एका बाजूच्या चार सिलिंडरचे मिळून सेकंदाला ९७च्या आसपास ठोके पाइपात पडतात. इतका खालचा सूर काचेतून, पत्र्यातून, सीटमधून आरपार येतो. कानापेक्षा तो छातीत आणि कपाळात जास्त जाणवतो. सव्वा तास हे घुमणं ऐकल्यावर फ्रँकनमथच्या त्या प्रसिद्ध चिकन डिनरची चवही कळणार नाही.

तेव्हा पहिला नियम हा की तुमच्या २,९००ला जो मफलर गप्प बसतो तो तुमचा. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, तो कसा गुरगुरतो हे त्यानंतर.

आता चिरंजीवांकडे वळू. त्यांना जो आवाज हवा आहे, उभ्या उभ्या लंगडत चालल्यासारखा, गदगदा हलवणारा, तो मुळात मफलरमधून येतच नाही. तो कॅमशाफ्टमधून, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यामधून येतो. इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी जास्त काळ उघडे राहतील असा कॅम बसवला की आयडल तसं डळमळतं. तुमच्या इंजिनात मूळ, सौम्य कॅम असेल तर ग्लासपॅक लावा नाहीतर मफलर काढून फेकून द्या, आवाज मोठा होईल, पण तसा होणार नाही. पुण्यात पुंगळी काढलेली बुलेट रात्री अकराला गल्लीतून जाते तेव्हा तिचा आवाज फक्त वाढलेला असतो, सुधारलेला नसतो, तसंच हे. मुलाला हे एकदा नीट समजावून सांगा. त्याला खरंच तो आवाज हवा असेल तर पुढे कधी इंजिन उघडायची वेळ आली की कॅमबद्दल बोलता येईल. तोवर एक्झॉस्टकडून ती अपेक्षा ठेवून पैसे घालवू नका.

ग्लासपॅकबद्दल माझं मत सरळ आहे: नको. सरळ भोकांची नळी आणि तिच्याभोवती काचेचे तंतू एवढाच तो प्रकार. नवा असताना बरा वाजतो. मग तंतू तापून, ओले होऊन, जळून हळूहळू बाहेर पडतात आणि दर वर्षी आवाज चढत जातो. आज आवडलेला आवाज दोन वर्षांनी तुमच्याकडे नसेल. तीच सरळ नळीची कल्पना स्टेनलेसच्या जाळीनं आणि चांगल्या पॅकिंगनं नीट केलेली मॅग्नाफ्लो, बोर्ला अशा कंपन्यांच्या मफलरमध्ये मिळते. ते टिकतात, हवा उत्तम सोडतात. पण सूर थोडा आधुनिक आणि स्वच्छ असतो. १९६८च्या पाँटिॲकला तो जरा परका वाटतो, हे माझं वैयक्तिक मत.

दुसरा प्रकार चेंबरवाल्यांचा, म्हणजे फ्लोमास्टरची मंडळी. आत पत्र्याच्या भिंती घालून आवाजाच्या लाटा एकमेकींवर आपटवतात. यांचा सूर कडक, टोकदार, मसल कारला शोभणारा, आणि म्हणूनच त्यांचे चाहते भरपूर आहेत. पण यातल्या छोट्या मालिका, विशेषतः ४०, बंद छपराच्या गाडीत हायवेवर घुमण्यासाठी बदनाम आहेत. चिरंजीव बहुधा त्याच मागतील. त्याच कंपनीची ५० मालिका आकारानं मोठी आणि स्वभावानं मवाळ आहे, हट्टच असेल तर तिच्यावर तडजोड करा.

माझी पसंती तिसऱ्याला: टर्बो मफलर. नावात टर्बो असलं तरी तुमच्या गाडीला टर्बो लागत नाही. साठच्या दशकात शेव्हरोलेच्या कॉर्व्हेरला टर्बोचार्जर होता, तिच्या मफलरमधून वायू बराच मोकळा जायचा, म्हणून हॉट रॉडवाल्यांनी तो उचलून आपापल्या गाड्यांना लावला आणि नाव चिकटलं. आत नळी इंग्रजी एस अक्षरासारखी वळते, भोवती थोडं पॅकिंग असतं. डायनोमॅक्सचा सुपर टर्बो हा त्यातला जुना, भरवशाचा नमुना. आयडलला जाड, खोल गुरगुर, जोरात दाबलं की पाँटिॲकचा खास खर्ज, आणि हायवेवर गप्प. आकार मात्र मोठा घ्या. मफलर जितका लांब आणि ऐसपैस, तितकं घुमणं कमी. बहुतेक लोक छोटा मफलर घेतात, कारण तो बसवायला सोपा. तुमच्या ए-बॉडीच्या (जीटीओ ज्या सांगाड्यावर बनली तो जनरल मोटर्सचा प्रकार) पोटाखाली मागच्या ॲक्सलच्या पुढे चांगली जागा आहे, ती वापरा.

आता गॅरेजवाल्याचे तीन इंची पाइप. त्यांचा मोकळ्या श्वासाचा मुद्दा ऐकायला छान आहे, पण आकडे मांडून बघू. मोटरवाल्यांचा एक जुना ठोकताळा आहे: एका हॉर्सपॉवरला मिनिटाला साधारण २.२ घनफूट हवा लागते, आणि पाइपाच्या एका चौरस इंचातून मिनिटाला ११५ घनफूट वायू आरामात जातो. अडीच इंची पाइपाचं आतलं क्षेत्रफळ सुमारे ४.४ चौरस इंच. म्हणजे एका पाइपातून २३० हॉर्सपॉवर, दोन्ही मिळून ४६०. सव्वादोन इंची दोन पाइप ३७०च्या आसपास जातात. तीन इंची जोडी पावणेसातशेला पुरते. तुमच्या इंजिनाची पाँटिॲकनं छापलेली ताकद ३५० हॉर्सपॉवर, तीही त्या काळच्या ग्रॉस पद्धतीनं, म्हणजे एअर क्लीनर, अल्टरनेटरसारखे बोजे आणि गाडीचा खरा एक्झॉस्ट काढून ठेवून इंजिन टेस्ट बेंचवर मोजलेली. १९७२पासून अमेरिकी कंपन्या नेट आकडे छापायला लागल्या आणि सगळ्यांचे आकडे धाडकन उतरले ते यामुळेच. तुमच्या गाडीत बसवलेलं इंजिन प्रत्यक्षात ३५०च्या बरंच खाली असणार. तीन इंची पाइप त्याला कशाला?

नुसता वायफळ खर्च झाला असता तर मी गप्प बसलो असतो, पण इथे तोटाही आहे. इंजिनाला बॅक प्रेशर लागतं असं लोक छातीठोकपणे सांगतात, ते चूक. कुठल्याच इंजिनाला अडथळा नको असतो. त्याला हवा असतो वेग. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की गरम वायूचा एक गोळा पाइपातून सुसाट निघतो आणि त्याच्या मागे कमी दाबाची पोकळी तयार होते. ती पोकळी योग्य वेळी पुढच्या सिलिंडरच्या दाराशी पोचली तर त्यातला उरलासुरला धूर ओढून घेते. पाइप अडीचचा तीन इंची केलात की तेवढ्याच वायूचा वेग जवळजवळ एक तृतीयांशानं पडतो, ओढही तशी मंदावते. तुमचं ४०० इंजिन ४४५ फूट-पाउंडचा टॉर्क ३,००० आरपीएमला देतं. जीटीओची मजा तिथेच, खालच्या आणि मधल्या आरपीएमला आहे. साडेपाच हजारावर दोन घोडे मिळवायला ती मजा घालवायची नाही. सव्वादोन इंची पाइपही तुमच्या इंजिनाला खरं तर चालतील. पण पुढे कॅमचा विचार असेल तर अडीच इंची घ्या आणि विषय संपवा.

पाइप वाकवलेला कसा आहे, ते मात्र व्यासाइतकंच महत्त्वाचं. साध्या गॅरेजातल्या बेंडरनं वाकवलेला पाइप वळणावर चेपतो, घड्या पडतात, आणि अडीच इंचाचा पाइप त्या जागी दोन इंचाचा होऊन बसतो. आत गोळा घालून वाकवलेला, ज्याला मँड्रेल बेंड म्हणतात, तो वळणावरही गोल राहतो. ॲक्सलवरून जाणाऱ्या टेलपाइपला तीन-चार वळणं असतात, तिथे फरक सगळ्यात जास्त पडतो. पाइप्स (Pypes), मॅग्नाफ्लो वगैरे कंपन्यांचे ए-बॉडीसाठीचे तयार संच मँड्रेलचेच असतात. मूळ नमुन्याबरहुकूम, चेपलेल्या वळणांसकट अगदी जसा कारखान्यातून निघाला तसा संच हवा असेल तर गार्डनरसारखे लोक तो बनवतात. गाडी काँकूर स्पर्धेत, म्हणजे मूळपणाला गुण देणाऱ्या प्रदर्शनात, ठेवायची नसेल तर त्याची गरज नाही.

दोन्ही बाजूंचे पाइप मध्ये जोडायचे की नाही? जोडा. तुमच्या इंजिनाचा फायरिंग क्रम १-८-४-३-६-५-७-२. विषम आकडे डाव्या बाजूचे, सम उजव्या. नीट बघा: डावीकडे ५ आणि ७ पाठोपाठ पेटतात, उजवीकडे ८ आणि ४. म्हणजे प्रत्येक पाइपात ठोके समान अंतरानं पडत नाहीत. दोन लागोपाठ, मग मोठी फट. अमेरिकी व्ही-८ची ती ओळखीची लडबड यातूनच येते. दोन्ही पाइप वेगळे ठेवले तर ती जास्त खडबडीत वाजते आणि दाबही एका बाजूला साचतो. मध्ये आडवी नळी टाकली, म्हणजे एच-पाइप, की दाब वाटला जातो आणि सूर खाली उतरून गोल होतो. एक्स-पाइप प्रवाहासाठी थोडा सरस, पण त्याचा आवाज वर चढतो, जरा चिरका होतो. साठच्या दशकातल्या जीटीओला एच. एच कुठे टाकायचा यासाठी जुन्या रॉडर लोकांची एक युक्ती आहे. नवे पाइप बसवल्यावर गिअरबॉक्सच्या आसपासच्या भागाला साध्या स्प्रे पेंटचा लांब पट्टा मारायचा, गाडी फिरवून आणायची, आणि रंग जिथपर्यंत जळला ती जागा खुणावायची. एच तिथे. जागा मात्र क्रॉसमेंबरनं सोडली पाहिजे, नाहीतर युक्ती कागदावरच राहते.

क्रॉसमेंबरवरून आठवलं. गिअरबॉक्सखालच्या आडव्या दांडीला दोन्ही बाजूंना पाइप जायला कमानी आहेत ना, ते आधी वाकून बघा. पाँटिॲकच्याच साध्या, एकाच पाइपाच्या लेमान्सवर जीटीओचं बोधचिन्ह लावून विकलेल्या गाड्या बऱ्याच आहेत, आणि त्यांना कमान एकच असते. तुमच्या गाडीचा व्हीआयएन, म्हणजे ओळख क्रमांक, २४२नं सुरू होतोय का, हे एका मिनिटात कळेल. २३७ असेल तर ती लेमान्स म्हणून जन्मली. मूळपणाची एवढी काळजी आहे तर पाँटिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून गाडीच्या मूळ बिलाची प्रत मागवा. कारखान्यातून कुठलं इंजिन, कुठला ॲक्सल, काय काय पर्याय लावून बाहेर पडली ते त्यात असतं.

हेडर, म्हणजे मूळ ओतीव मॅनिफोल्डच्या जागी बसवायच्या प्रत्येक सिलिंडरच्या वेगळ्या नळ्या. लाँग-ट्यूब हेडरनं ताकद वाढते, हे खरं. पण मूळ कॅमच्या, रस्त्यावर चालवायच्या गाडीत त्या वाढीची किंमत रोज मोजावी लागते. नळ्या खाली लोंबतात आणि पार्किंगच्या प्रत्येक उंचवट्याला घासतात. प्लगच्या वायरी भाजतात. स्टार्टर बदलायचा म्हटला की अर्धा दिवस गेला. गॅस्केट गळतात आणि मग टिक-टिक-टिक सुरू. शिवाय वुडवर्डवर ऑगस्टच्या उन्हात रांगेत मुंगीच्या पावलांनी सरकताना हुडखाली जी उष्णता साठते, ती क्वाड्राजेटमधल्या पेट्रोलला मानवत नाही.

पाँटिॲकवाल्यांकडे यावर एक सुंदर मधला मार्ग आहे, जो शेवी आणि फोर्डवाल्यांना इतका सहज मिळत नाही. कारखान्यानं आपल्या जोरकस रॅम एअर इंजिनांसाठी ओतीव लोखंडाचे वेगळे मॅनिफोल्ड बनवले होते. साध्या मॅनिफोल्डमध्ये चारही दारांचा धूर एका ओबडधोबड बोगद्यात एकमेकांवर आदळतो, तर यांच्या वाटा लांब आणि बऱ्याच वेगळ्या राखलेल्या असतात. त्यांच्या हुबेहूब प्रतिकृती आज नव्या मिळतात. हेडरच्या फायद्याचा बराच मोठा हिस्सा देतात, आवाज करत नाहीत, गळत नाहीत, आणि हुड उघडल्यावर जाणकारालाही ते साठच्या दशकातलेच वाटतात. मुलाला हे दाखवा. कारखान्याचा रेसिंगचा भाग आपल्या गाडीला लागतोय म्हटल्यावर हेडरचं भूत उतरायला मदत होईल. मागवताना दोन गोष्टी तपासा. तुमच्या सिलिंडर हेडची धूर सोडणारी दारं डी आकाराची असणार, गोल दारांचे रॅम एअर मॅनिफोल्ड त्यावर बसत नाहीत. आणि यांची खालची तोंडं वेगळ्या जागी असल्यानं त्यापुढचे दोन पाइपही त्यांच्याच मापाचे लागतात. संच मागवताना हे स्पष्ट सांगितलं नाही तर खोकं उघडल्यावर रडायची वेळ येते.

जुने मॅनिफोल्ड काढताना घाई नको. पन्नासहून जास्त वर्षं तापलेले-निवलेले बोल्ट आहेत, त्यांना हेडमध्ये मोडायला निमित्त लागत नाही. काही बोल्टांखाली कान मुडपलेली लोखंडी पट्टी असेल, ती आधी सरळ करा. रोज संध्याकाळी पेनिट्रेटिंग ऑइल मारा, आठवडाभर मारा. मग इंजिन कोमट असताना पाना लावा आणि आधी किंचित आवळायच्या दिशेनं हलवा, मग सोडवायच्या. करकर आवाज आला तर थांबा, पुन्हा तेल. मोडलेला एक बोल्ट ड्रिल करून काढायला जो खर्च येतो त्यात नवा टेलपाइप येईल. काढलेले मॅनिफोल्ड पुसून, तेल लावून, खोक्यात घालून गॅरेजच्या फळीवर ठेवा. विकू नका. गाडी कधी विकलीत तर ते खोकं गाडीबरोबर गेलं पाहिजे.

आणि हो, काही मागवण्याआधी हीट रायझर बघा. एका मॅनिफोल्डच्या खालच्या तोंडाशी स्प्रिंग आणि वजन लावलेली एक झडप असते. इंजिन थंड असताना ती बंद राहून धूर इनटेकखालून फिरवते, म्हणजे कार्ब्युरेटर लवकर गरम होतो. जुन्या गाड्यांत ती गंजून बंदच अडकते. मग एका बाजूचा सगळा एक्झॉस्ट चोंदलेला. इंजिन बंद आणि गार असताना ते वजन बोटानं हलवून बघा, सहज फिरायला हवं. गॅरेजवाल्याला इंजिनाचा श्वास कोंडल्यासारखा वाटला तो यामुळेही असेल. खात्री करायची तर व्हॅक्यूम गेज लावा, इंजिन २,५०० आरपीएमला धरा. काटा हळूहळू खाली घसरत राहिला तर कुठेतरी चोंदलंय.

धातूबद्दल थोडक्यात. साधं स्टील नको. ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेलं स्टील स्वस्त आणि बरंच टिकाऊ. ४०९ स्टेनलेस त्याहून चांगलं, पण बाहेरून तपकिरी पडतं, तेव्हा घाबरू नका. ३०४ सगळ्यात महाग, चमकदार, जन्मभराचं. ४०९ला चुंबक चिकटतं, ३०४ला सहसा चिकटत नाही, म्हणजे दुकानात फसवणूक पकडायला खिशात चुंबक ठेवा. तुम्ही हिवाळ्यात, मिठाच्या रस्त्यावर ही गाडी काढणार नाही असं धरतो. मग तुमचा एक्झॉस्ट बाहेरून नाही, आतून सडणार. एक गॅलन पेट्रोल जळलं की जवळजवळ गॅलनभरच पाणी वाफेच्या रूपानं पाइपात येतं. लांब फेरी मारलीत तर ते तापून बाहेर जातं. पण जानेवारीत, गाडीला बरं वाटावं म्हणून, दर रविवारी पाच मिनिटं गॅरेजमध्ये चालू करून ठेवलीत तर ते पाणी मफलरच्या तळात साचतं आणि खालच्या शिवणीतून गंजत बाहेर येतं. तुमच्या मफलरचं भोकही तळाशीच असेल, बघा. चालू करायची तर अर्धा तास चालवायची, नाहीतर एप्रिलपर्यंत हात लावायचा नाही. गॅरेज बंद ठेवून तर कधीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

त्याच कारणानं टेलपाइप पूर्ण मागे, बंपरच्या बाहेर न्या. ॲक्सलच्या अलीकडेच पाइप तोडून सोडून द्यायची फॅशन आहे, खर्च वाचतो आणि आवाजही येतो. पण धूर गाडीच्या पोटाखाली साचतो आणि साठीला आलेल्या गाडीच्या डिकीच्या रबरातून, तळातल्या गंजलेल्या छिद्रांतून आत शिरतो. तारेनं बांधलेल्या पाइपांनी तुम्ही आजही गाडी चालवत असाल तर नवा संच येईपर्यंत ती उभीच ठेवा.

बसवताना सगळं सैल जोडत पुढून मागे जा, मग चाकांवर वजन असताना आवळा. लिफ्टवर ॲक्सल लोंबत असताना आवळलं की पाइप छान मधोमध दिसतो, आणि पहिल्या खड्ड्यात ॲक्सलवर आपटतो. ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्यांपासून बोटभर तरी अंतर राहू द्या. हँगर रबराचे हवेत. कडक पट्टीनं पाइप शरीराला बांधलात की सगळा थरथराट केबिनमध्ये, मग मफलर कितीही चांगला घ्या. यू आकाराच्या जुन्या क्लँपऐवजी रुंद पट्ट्याचे बँड क्लँप घ्या. यू क्लँप पाइप चेपतो आणि पुढच्या वेळी तो करवतीनं कापावा लागतो. पहिल्या शंभर मैलांनंतर सगळे पुन्हा एकदा आवळा. एक्झॉस्ट मोकळा झाल्यावर पेट्रोल-हवेचं मिश्रण किंचित पातळ पडू शकतं, म्हणून एकदा स्पार्क प्लग काढून रंग बघा. फिकट तपकिरी हवा, पांढरा नको.

चिरंजीव आता कटआउटचा विषय काढतील, बटण दाबलं की मफलर बाजूला ठेवून धूर थेट बाहेर. मिशिगनच्या कायद्याला चालू स्थितीतला मफलर लागतो आणि असा बायपास चालत नाही, तेव्हा नाही म्हणा. पण त्यांना एक गोष्ट जरूर सांगा. हा उद्योग खुद्द पाँटिॲकनं केला होता. १९७०च्या जीटीओत एक पर्याय होता, डॅशबोर्डखालचा एक्झॉस्ट लिहिलेला खुंटा ओढला की व्हॅक्यूमनं मफलरमधली झडप उघडायची आणि गाडी गरजायला लागायची. त्याची जाहिरात जानेवारी १९७०मध्ये सुपर बोलच्या सामन्यात दाखवली. जनरल मोटर्सच्या वरिष्ठांना ती मुळीच रुचली नाही आणि पर्याय लगेच बंद पडला. फार थोड्या गाड्यांना तो लागला आणि आज त्या सोन्याच्या भावानं विकल्या जातात. तुमची १९६८ची आहे, तेव्हा हा प्रश्नच मिटला.

थोडक्यात मागणीपत्र असं करा: डी दारांचे रॅम एअर मॅनिफोल्ड, त्यांच्या मापाचे पुढचे पाइप, अडीच इंची मँड्रेल बेंड, एच-पाइप, मोठ्या आकाराचे टर्बो मफलर, पूर्ण लांबीचे टेलपाइप, धातू ४०९. क्रोमची दोन तोंडांची स्प्लिटर टोकं तुमच्या गाडीला असतील तर ती काढून, घासून परत लावा. नव्या प्रतिकृतींचा क्रोम जुन्याच्या पासंगालाही पुरत नाही. आणि गाडीला हिस्टॉरिक प्लेट (मिशिगनची जुन्या गाड्यांसाठीची नंबर प्लेट) घेतली असेल तर ऑगस्टभर ती कुठेही फिरवायला मोकळीक आहे, वुडवर्डची जुन्या गाड्यांची मिरवणूकही ऑगस्टच्याच तिसऱ्या शनिवारी असते. मफलर आणि पाइप एप्रिलमध्येच मागवलेत तर बोल्टांशी झगडायला जून-जुलै हातात राहतील.

तुम्ही पाठवलेल्या फोटोंत ड्रायव्हरच्या बाजूचा मॅनिफोल्ड स्टिअरिंग बॉक्सच्या आड गेलाय. त्यावरचा आणि हेडच्या मधल्या दारांवरचा कास्टिंग नंबर ब्रशनं साफ करून टिपून घ्या आणि कळवा. हेड नंतर कोणी बदललेलं नाही ना, हे त्यावरून ठरेल आणि गॅस्केट कुठले मागवायचे तेही.